कोचीन ते मुंबई, पावणेदोन तास

माझ्या बायकोच्या अंगात कुठलं रक्त आहे हे आम्हाला एका शुक्रवारी दुपारी कळलं. तोपर्यंत ती एकोणतीस वर्षांची झालेली, आणि ते कळण्याची गरज कधी पडलीच नव्हती.

गुरुवारी सकाळी मी दाढी करत होतो. ती न्हाणीतून बाहेर आली आणि दाराला धरून उभी राहिली. म्हणाली, दुखत काही नाही, पण रक्त जायला लागलंय. सातवा महिना संपून चार-पाच दिवस झाले होते. लग्नानंतर सहा वर्षांनी राहिलेले दिवस. गालाला अर्धा साबण तसाच ठेवून मी रिक्षा आणायला धावलो. आम्ही डोंबिवली पश्चिमेला राहायचो. तिचं नाव घातलेलं होतं कल्याणच्या एका लहानशा प्रसूतिगृहात. सगळा रस्ता ती मांडीखाली घडी घातलेली चादर घेऊन बसलेली आणि मला सांगत होती की घरात दूध उघडं राहिलंय.

प्रसूतिगृहातल्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी तपासलं, औषध दिलं, दुपारपर्यंत रक्त थांबलं. मग मला खोलीत बोलावून त्यांनी कागदावर पेनने एक आकृती काढून दाखवली. मी ठाण्याच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो, आकृत्या वाचणं हाच माझा धंदा. तरी ती आकृती मला दोनदा समजावून घ्यावी लागली. वार खाली आली होती, पिशवीच्या तोंडावर. बाळ बाहेर यायच्या वाटेवरच. आज थांबलंय, ते पुन्हा सुरू होणार. केव्हा आणि किती, हे सांगता यायचं नाही. ऑपरेशन करून बाळ काढणं हाच उपाय होता. पण दोन बाटल्या रक्त हाताशी असल्याशिवाय त्या हात लावणार नव्हत्या.

रक्ताचं मला काही वाटलं नाही. तिचा गट ओ आला. माझ्या खात्यातले चौघे तसल्याच गटाचे निघाले. संध्याकाळी सगळे येऊन बाहेरच्या बाकावर बाह्या सरसावून बसले. त्यांच्यातल्या एकाचंही जुळलं नाही. रक्तपेढीतून आणवलेल्या दोन बाटल्याही जुळल्या नाहीत. काचेवर तिच्या रक्तात दुसऱ्याचा थेंब टाकला की गुठळ्या धरत होत्या. तपासणारा माणूस म्हणाला, माझं काहीतरी चुकतंय, आणि त्याने सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग त्याने तिचं रक्त एका छोट्या बाटलीत भरून माझ्या हातात दिलं आणि परळच्या एका मोठ्या रक्तपेढीत न्यायला सांगितलं.

तिथले अधिकारी म्हातारपणाकडे झुकलेले, स्वच्छ पुणेरी बोलणारे गृहस्थ होते. शुक्रवारी दुपारी दीडच्या सुमाराला ते मला स्टुलावर बसवून म्हणाले, "हा बॉम्बे गट आहे. ओसारखा दिसतो, पण ओ नव्हे. ह्या माणसांना फक्त ह्याच गटाचं रक्त चालतं. दुसरं दिलं तर माणूस दगावतो."

नाव मुंबईचं म्हणून मी मूर्खासारखा म्हणालो, मग मुंबईत मिळेलच. त्यांनी मान हलवली. मुंबईत तो पहिल्यांदा सापडला एवढंच. हजारो माणसं तपासावीत तेव्हा एखादा मिळतो. त्यांच्याकडे एक वही होती, त्यात अशा माणसांचे पत्ते होते. माझ्यासमोर त्यांनी तीन ठिकाणी फोन लावले. एकजण गाव सोडून गेलेला. एकाने तीन आठवड्यांपूर्वीच रक्त दिलेलं. तिसऱ्याला कावीळ झालेली. रिसीव्हर खाली ठेवून त्यांनी विचारलं, पेशंटला भाऊबहीण आहेत का? आईवडलांचं सहसा जुळत नाही, पण सख्ख्या भावंडांत चारांत एकाचं जुळू शकतं.

एक भाऊ आहे, मी म्हणालो. पण तो येईल असं मला म्हणवेना.

ती कोपरीची. ठाणे स्टेशनला लागून, पूर्वेला, खाडीवर होड्या असलेल्या घरांतल्या एका घरातली मुलगी. आमच्या कारखान्यात ती टायपिस्ट म्हणून लागली होती. मी साताऱ्याकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. माझ्या घरच्यांनी कुरकुर करून का होईना मान्य केलं. तिचे वडील काहीच बोलले नाहीत. बोलला तो भाऊ, तिच्याहून चार वर्षांनी मोठा. आम्ही ठाण्याच्या कोर्टात सह्या करून बाहेर आलो तेव्हा तो समोरच्या झाडाखाली उभा होता. मला वाटलं, मारामारी करायला आलाय. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. तिला म्हणाला, "आजपासून मना बहीण नाय," आणि निघून गेला. पुढच्या वर्षी वडील वारले. तिला कळवलं ते तिसऱ्या दिवशी. भाऊ मग कोचीनला गेला, तिथे मोठ्या मासेमारी बोटीवर इंजिन सांभाळायचं काम मिळालं म्हणून. आई तिला महिन्या-दोन महिन्यांनी बाजारात भेटायची, पण घरी ये असं कधी म्हणाली नाही. मुलाने घातलेली शपथ होती.

परळहून मी थेट कोपरीला गेलो. सहा वर्षांत त्या घराची पायरी मी चढलो नव्हतो. दार उघडंच होतं. सासूबाई ओट्यावर सुकट निवडत बसल्या होत्या. मला बघून त्या उठल्या, आणि तोंडाने काही विचारायच्या आधी त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मी सांगितलं तसं त्यांनी ऐकून घेतलं. रक्त लागतंय एवढंच त्यांना नीट कळलं. त्यांनी हात पुढे केला.

"माजा घ्या," त्या म्हणाल्या. "मना काय करायचाय."

तुमचं चालणार नाही, हे त्यांना सांगणं मला त्या दिवसातलं सगळ्यात अवघड गेलं. आपल्या पोटच्या पोरीला आपलं रक्त चालत नाही हे कुठल्या आईला पटेल? त्या माझ्याकडे संशयाने बघत राहिल्या. मग मी भावाचं विचारलं. त्यांनी आत जाऊन पत्र्याच्या डब्यातून एक पोस्टकार्ड आणलं. त्यावर कोचीनच्या एका बर्फ कारखान्याचा फोन नंबर लिहिला होता. बोट किनाऱ्याला असेल तर तो तिथे सापडायचा, समुद्रात असेल तर आठ-दहा दिवस नाही. बोट कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

आम्ही दोघं स्टेशनकडे निघालो. पोस्टाच्या शेजारी तिकिटं काढून देणारा एकजण टेबल टाकून बसायचा. फोन करण्याआधी मला सांगता यायला हवं होतं की ये, पण कसा. मी त्याला विचारलं, कोचीनहून मुंबईला यायला किती वेळ लागतो? तो म्हणाला, आगगाडीने दोन रात्री धरा. गाडी कल्याणला थांबते, तुम्हाला बरंच पडेल. कल्याणला थांबते! प्रसूतिगृह स्टेशनपासून दहा मिनिटांवर. पण दोन रात्री. आणि विमानाने? त्याने एक जाड पुस्तक उघडून ओळींवरून बोट फिरवलं. "पावणेदोन तास. रोज सकाळी एक आहे."

मी त्याला पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं. अंतर किती, विचारलं. सरळ रेषेत हजार किलोमीटरच्या थोडं वर. मला वाटतं मी तिसऱ्यांदाही विचारलं असेन, कारण त्याने पुस्तक फिरवून माझ्यापुढे धरलं आणि आकडा दाखवला. त्या माणसाला माझी अडचण काही ठाऊक नव्हती. पण त्या दिवसात पहिल्यांदा कुणीतरी मला आवाक्यातली गोष्ट सांगितली होती. पावणेदोन तास म्हणजे काहीच नाही. आम्ही घरून तिच्या मावशीकडे विरारला जायचो त्याला याहून जास्त वेळ लागायचा.

ट्रंक कॉल लागायला चाळीस मिनिटं गेली. सासूबाई पोस्टाच्या बाकावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. पलीकडून कुणीतरी मल्याळीत बोललं, मग मोडक्या हिंदीत. बोट आली आहे, तो धक्क्यावर आहे, बोलावतो, म्हणाला. मी रिसीव्हर कानाला दाबून धरला. मध्ये मध्ये ऑपरेटर बाई विचारत होती, बोलणं चालू आहे का? चालू आहे, चालू आहे, मी ओरडत होतो, आणि पलीकडे फक्त खरखर.

मग त्याचा आवाज आला. मी कोण ते सांगितलं.  मी बोलत गेलो: बाळ, वार, रक्त, वही, चारांत एक, सकाळचं विमान, प्रसूतिगृहाचा फोन नंबर. किती भराभरा बोललो ते आठवत नाही. तो एक अक्षर बोलला नाही. मला वाटलं लाइन कट झाली. शेवटी त्याने विचारलं, "आई हाय तिथं?"

मी रिसीव्हर सासूबाईंच्या हातात दिला. आयुष्यात त्यांनी फोन धरला नसावा. दोन्ही हातांनी धरला. त्या रडल्या नाहीत, समजावलं नाही. फक्त म्हणाल्या, "बाबू, ये." थोडा वेळ ऐकलं. पुन्हा म्हणाल्या, "ये." आणि कॉलची वेळ संपली.

तो काय म्हणाला, मी विचारलं. "बघतो म्हनला," त्या म्हणाल्या.

रक्तगट तिथेच तपासता येईल का, हे मला विचारायचं राहून गेलं होतं. परळला फोन केला. अधिकारी म्हणाले, त्यासाठी लागणारं औषध लहान ठिकाणी नसतं; त्याला इथेच येऊ द्या. म्हणजे तो येईल की नाही ठाऊक नाही, आणि आला तरी चारांत एक. मी सासूबाईंना घेऊन कल्याणला परतलो. आईला खोलीत आलेली बघून बायकोने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि उशीत रडली. आई तिच्या पायथ्याशी बसून तळवे चोळत राहिली. त्या दोघी काही बोलल्या असतील तर मी तिथे नव्हतो. मी फोनच्या टेबलापाशी उभा होतो. सातच्या सुमाराला फोन वाजला. बर्फ कारखान्यातला तो मोडक्या हिंदीवाला माणूस. बोटीच्या मालकाने तिकीट काढून दिलंय, उद्याचं सकाळचं विमान, अकराच्या आधी मुंबई.

शनिवारी सकाळी साडेनऊलाच मी सांताक्रूझला पोचलो. निघताना बायको बरी दिसत होती. तिने मला बाहीला धरून सांगितलं, दादाला लगेच माझ्यासमोर आणू नका, आधी त्याला काहीतरी खायला घाला. विमानतळ मी पहिल्यांदाच बघत होतो. काचेपलीकडे येणारी माणसं दिसत होती, सगळी इस्त्रीतली. सहा वर्षांपूर्वी एकदा, झाडाखाली, पाच मिनिटं बघितलेला चेहरा मला ओळखता येईल का, याची मला धास्ती होती.

अकरा वाजले. कोचीनचं नाव फळ्यावर आलं नाही. चौकशीच्या खिडकीत बसलेल्या माणसाने सांगितलं, दिल्लीला धुकं आहे. तिकडून येणारं विमान उशिरा आलं, तेच पुढे कोचीनला गेलं, तेच परत येणार. किती वाजता? तिथून उडालं की कळेल. मी त्याला सगळी हकिगत सांगायला सुरुवात केली. तो ऐकत होता, मध्येच म्हणाला, "साहेब, हवेत आलं की पावणेदोन तासच. पण आधी हवेत यायला हवं ना."

तो वाईट माणूस नव्हता. मी दर दहा मिनिटांनी जायचो आणि तो दर वेळी फोन उचलून विचारायचा. दिल्लीत धुकं, आणि माझी बायको कल्याणात. तिकडे त्या सकाळी लख्ख ऊन होतं, मी स्वतः बघून आलेलो. दिल्लीच्या धुक्याशी आमचा काय संबंध, असं मला ओरडून विचारावंसं वाटत होतं. कुणाला विचारणार? बाहेर माणसं हार घेऊन उभी होती. एक लहान मुलगी बापाच्या खांद्यावर बसून काचेवर नाक दाबत होती. मी सारखा हिशेब करत होतो. बाराला उडालं तर पावणेदोन. परळ अडीच. तपासणी, बाटली, साडेचार. कल्याण साडेसहा. मग बारा वाजून गेले की सगळे आकडे पुढे सरकवायचे.

साडेबाराला मी नाण्याच्या फोनवरून प्रसूतिगृहाला फोन केला. नर्सने उचलला. ती म्हणाली, "पुन्हा सुरू झालंय. बाई आत आहेत. तुम्ही कुठे आहात?" मी म्हणालो विमानतळावर. ती म्हणाली, "मग लवकर या." काय घेऊन येऊ, बाई? माझ्याकडे काय होतं? मी रिसीव्हर ठेवला आणि फोनच्या डब्याला डोकं टेकून उभा राहिलो. मागे रांगेत असलेल्या माणसाने थोडा वेळ थांबून हळूच माझ्या पाठीवर हात ठेवला. मी बाजूला झालो.

तेव्हा मी खूप घाणेरडे विचार केले. तो आलाच नाही, विमान निमित्त आहे, असा विचार केला. आला आणि त्याचं जुळलं नाही तर मी त्याचं काय करीन, असाही केला. बाळ नको, फक्त ती राहू दे, असं मी देवाशी बोललो, आणि बोलल्याबरोबर जीभ चावली. ते वाक्य मी आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही. इथे पहिल्यांदा लिहितोय.

विमान एकला पाच कमी असताना उडालं असं त्या खिडकीतल्या माणसाने मला स्वतः बाहेर येऊन सांगितलं. पावणेतीनच्या आधी ते उतरलं.

मी त्याला लगेच ओळखलं. सगळ्या माणसांत तो एकटाच रबरी चपलांत होता, हातात फक्त कापडी पिशवी. चेहरा उन्हाने रापून काळा पडलेला, कानापाशी केस पिकलेले. त्याने मला कसं ओळखलं माहीत नाही. माझा अवतार बघूनच ओळखलं असेल. तो सरळ माझ्याकडे आला. नमस्कार नाही, काही नाही.

"कुठं द्यायचा रगत?" त्याने विचारलं.

टॅक्सीत तो खिडकीकडे तोंड करून बसला. डिझेलचा आणि मासळीचा वास त्याच्या कपड्यांना होता. मी सांगितलं, सकाळी बरी होती, दुपारी पुन्हा सुरू झालंय. त्याने विचारलं, ती बोलते का. मी म्हणालो सकाळी बोलत होती. तुम्हाला आधी खायला घाला म्हणाली.  माहीमच्या पुढे सिग्नलला टॅक्सी थांबली तेव्हा तो दरवाजा उघडून खाली उतरायला लागला. त्याला वाटलं पोचलो.

परळला अधिकारी वाटच बघत होते. शनिवारी अर्धा दिवस असूनही ते घरी गेले नव्हते. त्याच्या बोटातून, मग दंडातून रक्त घेतलं आणि ते आत गेले. आम्ही दोघं लाकडी बाकावर बसलो, मध्ये एका माणसाची जागा सोडून. भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं गेली. त्याने एकदाच विचारलं, "नाय जुलला तर?" मी घड्याळाकडे बघितलं. 

दार उघडून अधिकारी बाहेर आले आणि हसले. म्हातारा माणूस, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "जुळलं," ते म्हणाले. मी बाकावरच बसून राहिलो.  तो मात्र उठून आत गेला आणि कॉटवर आडवा झाला.

एक बाटली भरल्यावर त्याने उठायला नकार दिला. दोन लागतात म्हणाले होते ना, तो म्हणाला. अधिकाऱ्यांनी समजावलं, एका माणसाकडून एका वेळी एकच घेतात, जास्त घेतलं तर तू इथेच पडशील.

"पडू दे," तो म्हणाला. "माज्यात हाय ना? मग घ्या."

त्यांनी घेतलं नाही. नर्सने सुई काढली तेव्हा तो तिच्यावर चिडला. मग त्याला चहा आणि बिस्किटं दिली, ती त्याने उभ्याउभ्या संपवली.

बाटली एका थर्मोकोलच्या खोक्यात बर्फात ठेवून दिली होती. टॅक्सीत बसल्यावर त्याने झाकण उघडून आत बघितलं आणि पिशवीतून वर्तमानपत्र काढलं. बर्फ थेट लागता कामा नये, तो म्हणाला, माल जळतो. बाटलीभोवती कागदाच्या घड्या गुंडाळून त्याने ती पुन्हा आत बसवली, कडेने बर्फ दाबून भरला आणि खोकं मांडीवर घेतलं. बर्फात वस्तू कशी ठेवायची हे त्याच्याइतकं कोण जाणणार! ठाणं, मुंब्रा, शिळफाटा. रस्ताभर ट्रक. प्रत्येक खड्ड्याला तो खोकं हातांवर उचलून धरायचा. शिळफाट्याच्या पुढे एक ट्रक आडवा झाला होता. तिथे आम्ही अर्धा तास उभे राहिलो. मी खाली उतरून पुढे धावत गेलो, लोकांना हात जोडले, कुणीतरी टॅक्सीला शेतातून वाट काढून दिली. मागे वळून बघितलं तर तो टॅक्सीत तसाच ताठ बसलेला, खोक्यावर दोन्ही पंजे पसरून.

पत्री पूल ओलांडून आम्ही प्रसूतिगृहाच्या दारात थांबलो तेव्हा दिवे लागले होते. डॉक्टरीणबाई पायऱ्यांवरच उभ्या होत्या. त्यांनी खोकं घेतलं, आणि त्याच्याकडे वा माझ्याकडे न बघता आत गेल्या. एका बाटलीवर त्यांनी ऑपरेशन केलं. तसं करायला नको होतं, पण दुसरा मार्ग नव्हता, असं त्या नंतर मला म्हणाल्या.

बायको वाचली.

मुलगी होती. दुपारी रक्त गेलं तेव्हाच तिला मिळायचं ते बंद झालं होतं. बाहेर आली तेव्हा रडली नाही. डॉक्टरीणबाईंनी बरीच खटपट केली, मला आत आवाज ऐकू येत होते. मग आवाज थांबले. त्या बाहेर येऊन म्हणाल्या की आईची काळजी नको. एवढंच म्हणाल्या, आणि मी समजलो. विमान वेळेवर आलं असतं तर, हे वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. मीही नाही. पण ते आम्हा सगळ्यांत तिथेच होतं, आणि पुढे कित्येक वर्षं आमच्या घरात होतं. जानेवारी आला आणि वर्तमानपत्रात उत्तरेतल्या धुक्याची बातमी आली की मी पान उलटायचो.

रविवारी सकाळी नर्सने एका पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं ते माझ्यापुढे आणलं. लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. ते बापाचं काम. मी हात पुढे केले आणि माझे हात आपोआप खाली आले. मला उचलता येईना. वजन म्हणाल तर काहीच नव्हतं. मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि तोंड गुडघ्यांत घातलं. कितीतरी वेळ नर्स तशीच उभी होती.

तो बाहेरच्या बाकावर झोपला होता. उठून आला. नर्सच्या हातातून त्याने तिला घेतलं. मग वाकून माझ्याशी बोलला, पहिल्यांदाच समोर बघून.

"तुमी तिच्यापाशी बसा. मी नेतो. मामा हाय मी."

जिन्यावर तो थांबलेला मला दिसला. फडक्याचं टोक बोटाने जरासं बाजूला करून त्याने बघितलं. मग पुन्हा नीट झाकलं, छातीशी धरलं, आणि रिक्षात बसला. खाडीच्या बाजूला कुठेतरी त्याने तिला ठेवलं. जागा त्याने मला सांगितली नाही आणि मी विचारली नाही. दुपारी तो परत आला तेव्हा त्याच्या पायाला घोट्यापर्यंत चिखल होता. त्याने तो नळावर धुतला, मग आत बहिणीजवळ गेला. मी दारातच उभा होतो. ती ग्लानीत होती. तिने डोळे उघडून त्याला बघितलं आणि म्हणाली, दादा, जेवलास का? तो हो म्हणाला. तो जेवलेला नव्हता.

चार दिवसांनी तो परत गेला. बायको तीन आठवड्यांनी घरी आली. ऑपरेशनमध्ये पिशवी काढावी लागली होती, म्हणजे पुन्हा दिवस राहणार नव्हते. हे तिला मी सांगावं असं ठरलं, आणि मी सांगितलं. ती भांडी आवरत होती. हातातलं पातेलं तिने जागच्या जागी ठेवलं आणि दुसरं उचललं.

फेब्रुवारीत एकदा संध्याकाळी ती खिडकीत बसली होती. अंगात अजून ताकद नव्हती, थोडं काम केलं की दमायची. तिने मला विचारलं, कशी होती ती?

मी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"मला बेशुद्धीत काही दिसलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही तर बघितलंत. केस होते का? कुणासारखी दिसत होती?"

खोटं बोलणं सोपं होतं. होते केस, तुझ्यासारखी दिसत होती, एवढं म्हटलं असतं तर झालं असतं. मला ते जमलं नाही. मी म्हणालो, मी बघितलं नाही. मला बघवलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, खूप वेळ. रागावली असती तर बरं झालं असतं. ती उठून आत गेली आणि तिने दिवा लावला. त्या दिवसानंतर आम्ही एकमेकांशी नीट वागत होतो, पण जेवताना, बाजारात, कुठेही, ती अधूनमधून दुसरीकडेच असायची. मला माहीत होतं ती काय शोधतेय. तिला चेहरा हवा होता, आणि तो माझ्याकडे नव्हता.

जूनमध्ये पावसाळ्यामुळे बोटी बंद झाल्या तसा भाऊ कोपरीला आला. एका दुपारी आईला घेऊन आमच्याकडे आला, पहिल्यांदा. येताना सुक्या बांगड्यांची पुडी आणलेली. जेवणं झाली. सासूबाई पंख्याखाली लवंडल्या. तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला, तेव्हा बायको त्याच्या मागे गेली. तिने काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, पण मला माहीत होतं.

आतून पेला ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग तो बोलायला लागला, त्यांच्या घरातल्या बोलीत, हळू आवाजात, थांबत थांबत. केस होते, काळे, कपाळावर चिकटलेले. नाक आयसारखा. हाताची मूठ मिटलेली होती. एवढे तीन-चार शब्द मी दारापर्यंत गेलो तेव्हा माझ्या कानावर पडले. ती ओट्याला टेकून उभी होती, डोळे मिटून, आणि तो सांगत होता. मी आत गेलो नाही. बाहेर येऊन जिन्यावर बसलो आणि त्याचं सांगून होईपर्यंत तिथेच बसून राहिलो.